डोक्यावरची बॅटरी

डिसेंबरचा पहिला बुधवार. दुपारी गिऱ्हाईक नसतं, तेव्हा दुकानाचं शटर अर्धं ओढून मी हेडलॅम्प निवडायला बसले. पाचजणींसाठी पाच.

कणकवलीत आमचं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे. माझे यजमान आणि मोठे दीर ते चालवतात, काउंटर मी सांभाळते. त्यामुळे आमच्या सायकलवाल्या बायकांमध्ये दिवाबत्तीचं खातं कुणी न नेमता माझ्याकडे आलं. तशी बाकीचीही बरीच खाती माझ्याकडेच होती. कुठे जायचं, किती वाजता निघायचं, कुणाच्या चेनला तेल नाही, हे मी सांगायचे आणि चौघी ऐकायच्या. त्या चौघींत एक माझी मोठी जाऊ. तिला मी वैनी म्हणते. ती बालवाडीत शिकवते आणि सायकलनेच जाते-येते. पुढे जे लिहिते आहे ते आता आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे, तिनेच सांगितलं आहे. नाहीतर लिहिलं नसतं.

आम्ही पहिल्यांदाच मुक्कामाला निघणार होतो. शनिवारी दुपारी कणकवलीहून धामापूर, तळ्याच्या बांधाखाली एकीच्या मामांच्या पोफळीच्या बागेत तंबू, आणि रविवारी पहाटे अंधारात निघून मालवण. पहाटेचा आग्रह माझा. ऊन चढायच्या आत समुद्र गाठायचा होता, आणि अंधारात चालवायचं म्हणून तर हेडलॅम्प.

हेडलॅम्प घेताना लोक डब्यावरचा उजेडाचा आकडा बघतात. मी इतर गोष्टी बघते. हेल्मेटवर पट्टा घसरतो का, दवात भिजला तर चालेल का, दिवा खाली वाकवता येतो का, आणि त्याला तांबडा उजेड आहे का. पांढरा झोत समोरच्या बाईच्या डोळ्यांत जातो, तांबडा जात नाही. शिवाय झोत दोन तऱ्हेचे असतात. एक अरुंद आणि लांब फेकणारा, तो रस्त्याला बरा. दुसरा जवळच, पण रुंद पसरणारा, तो तंबूत आणि स्वयंपाकाला. मी चौघींसाठी हलके, अरुंद झोताचे निवडले. दोन्ही झोत असलेला एकच मागवला होता, तो मी स्वतःला ठेवला. पुढे मी असणार, मागे वळून सगळ्यांना बघणार, असं त्याचं समर्थन मनात तयार होतं.

संध्याकाळी चौघी आल्या. मागच्या गोडाऊनमध्ये दिवा घालवून मी प्रत्येकीला हेडलॅम्प बांधायला लावला आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायला सांगितलं. वैनी दोनदा स्टुलावर आपटली. मी म्हटलं, बघून चाल. तिने हेडलॅम्प काढून ठेवला आणि फळीवरची मोठी बॅटरी उचलली, मागे डबा असलेली, पावसात खेकडे पकडणारे लोक डोक्याला बांधून नेतात तसली.

"माका ही दी गो. हिचो उजेड बरो पसरता."

"वैनी, ती कुर्ल्यो पकडूची बॅटरी. आपल्याक कुर्ल्यो धरूक जावचा नाय."

सगळ्या हसल्या. मग मी तिला ती किती जड आहे, मान कशी दुखेल, चार्जिंग रात्रभर कसं लागेल, हे गिऱ्हाइकाला सांगावं तसं सांगितलं. तिने मोठी बॅटरी फळीवर ठेवली. हातात धरून नेऊ का, असं एकदा हळूच विचारलं. सायकलवर हातात काय धरतेस, असं मी विचारलं, आणि विषय संपला.

घरीही आमचं दिव्यांवरून असंच चालायचं. संध्याकाळ झाली की वैनी जिन्यातला दिवा लावायची, न्हाणीचा, मागीलदारचा, रिकाम्या खोलीतलासुद्धा. मी तिच्या मागून एकेक बंद करत फिरायचे. आपण दिवे विकतो, जाळत नाही, हे मी तिला इतक्या वेळा ऐकवलं होतं की घरातली मुलंही ते म्हणून दाखवायची. कधी चहाचा कप पुढे केला तर ती कपाच्या बाजूलाच हात न्यायची. मी तिला वेंधळी म्हणायचे. तिच्या तोंडावर म्हणायचे, त्यामुळे त्यात काही वाईट आहे असं मला वाटत नव्हतं.

शनिवारी धामापूरला पोचलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. आधी भगवतीच्या देवळात गेलो. आमच्याकडे कुठल्याही कामाआधी देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने सगळ्यांच्या वतीने मोठ्याने मागायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला 'व्हय महाराजा' म्हणायचं. देवी असली तरी महाराजाच. हे काम गावच्या मानकऱ्याचं, बायकांचं नव्हे. पण देवळात दुसरं कुणी नव्हतं आणि एकीने मला कोपराने ढोसलं. मी पदर खोचला आणि मानकऱ्याच्या आवाजात सुरू केलं. पाच लेकी पायाशी आल्या आहेत, त्यांची वाट सरळ कर, टायर शाबूत ठेव, तंबूत मुंग्या येऊ नकोत. दर वाक्याला व्हय महाराजा. मला रंग चढला.

"आणि आमच्या वैनीक खयचीच बॅटरी पुरणा नाय, तर आता तूच तिका उजेड दी गे माये."

व्हय महाराजा म्हणता म्हणता तिघींना हसू फुटलं. वैनीचं व्हय महाराजा मात्र त्यांच्यामागून आलं, एकटीचं. तिने हात जोडलेले होते आणि डोळे मिटलेले होते. माझ्या ते लक्षात आलं. माझा विनोद चांगला उतरला, एवढाच अर्थ मी घेतला.

तंबू लावून झाले, चूल पेटली. पोफळीत अंधार लवकर पडतो, बाहेर आकाश उजळ असताना आत माणसाचा चेहरा दिसेनासा होतो. प्यायचं पाणी बांधापलीकडच्या मामांच्या घरून आणायचं होतं. वैनी अजून दिसतं आहे तोवर कळशी घेऊन गेली. मामींनी बोलत बसवलं असावं, कारण ती परत निघाली तेव्हा पुरता काळोख झाला होता. बांधावरून तिचा हेडलॅम्प हलत येताना दिसला. आम्ही चुलीभोवती बसलो होतो, आणि तो पांढरा झोत थेट आमच्या डोळ्यांत येत होता.

मी बसल्या जागेवरून ओरडले, "वैनी, बॅटरी बंद कर गो. डोळ्यार येता."

दिवा लगेच बंद झाला. माझं ऐकायची तिला सवयच होती.

आम्ही गप्पांना लागलो. भात शिजला. पाणी काही येईना. एकीने विचारलं तेव्हा मी उठले आणि चिडून बांधावर गेले. डोक्यावरचा हेडलॅम्प मी लावलाही नाही, चांदण्यांचा उजेड मला पुरेसा होता. वैनी तिथेच उभी होती, जिथे दिवा बंद झाला तिथेच. कळशी दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. बांध रुंद आहे, एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला बागेचा उतार. दिवा बंद करताना कळशी कमरेवरून घसरली असावी; दोन्ही हात कळशीत अडकलेल्या बाईला दिवा पुन्हा लावता येत नाही, आणि कळशी खाली ठेवायची तर जमीन कुठे सपाट आहे ते दिसायला हवं.

"हयसर काय करतंस?"

"काय नाय," ती म्हणाली. "तळा बघतंय."

तळं तिच्या पाठीमागे होतं. ती पोफळींच्या काळोखाकडे तोंड करून उभी होती.

मी तिच्या डोळ्यांसमोर हात हलवला. तिची नजर हलली नाही. मी कळशी तिच्या हातातून घेतली तेव्हा ती दचकली, म्हणजे मी किती जवळ आले आहे तेही तिला दिसलं नव्हतं.

मग तिने सांगितलं. दिवसा बरं दिसतं, संध्याकाळ झाली की नाही. दोन-तीन वर्षं झाली. माहेरी देवगडला जाते सांगून ती एकटी कोल्हापूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आली होती. रातांधळेपणा, घराण्यातून आलेला. औषध नाही, आणि हळूहळू दिवसाचंही दिसणं आकसत जाईल. तिच्या मावशीचं असंच झालं होतं. दिवेलागणीनंतर तिला कुणी उंबऱ्याबाहेर जाऊ देत नसत, आणि पुढे दिवसाही देईनासे झाले.

मी विचारलं, "माका सांगूक नाय कित्या?"

"सांगल्यार तू माका हाडतलंस काय?"

आणलं नसतंच. आदल्या वर्षी गुडघा दुखतो म्हणणाऱ्या एका बाईला मी 'बरी झालीस की ये' असं सांगून गटातून काढलं होतं. सगळ्यांसमोर. वैनी तेव्हा माझ्या शेजारी बसली होती.

ती पुढे म्हणाली, "घरात सांगू नको. आजच नको. सायकल बंद करतले. माका सायकल सोडूची नाय, दिसता तवसर तरी."

आणि उद्या पहाटे? मी विचारलं. त्याचाही तिने विचार करून ठेवला होता. माझ्या सायकलीच्या मागच्या तांबड्या दिव्याकडे बघत ती चालवणार होती. दिवा डावीकडे गेला की डावीकडे. रस्ता तिला दिसणार नव्हता, दिवा दिसला असता. म्हणून तिला रुंद उजेडाची बॅटरी हवी होती, बाजूची कड तरी कळावी म्हणून. गोडाऊनमध्ये तिने तेवढंच मागितलं होतं, आणि तसा एक दिवा आत्ता माझ्या डोक्यावर होता.

बांधावर उभी असताना मला जिन्यातला दिवा आठवला. मी तो रोज बंद करायचे आणि ती भिंतीला हात लावत खाली यायची. भिंतीवर तिच्या हाताचा डाग पडला होता, त्यावरूनही मी बोलले होते. मग देवळातलं गाऱ्हाणं आठवलं. सगळ्यांदेखत मी तिची चेष्टा करून जे मागितलं, तेच ती हात जोडून खरोखर मागत होती. आणि मी ते मागते आहे म्हणून तिला बहुधा बरंही वाटलं असेल. हे मला आजही सहन होत नाही.

माफी मागायची मला सवय नाही. माझ्या डोक्यावरचा हेडलॅम्प काढून मी तिच्या कपाळाला बांधला, रुंद झोत लावला, दिवा पायांकडे वाकवला.

"आता कसा?"

"पायापुरता दिसता."

कळशी मी कमरेवर घेतली आणि तिने माझं कोपर धरलं. चुलीजवळ आल्यावर कोपर सोडून ती स्वतः बसली. पाण्याला एवढा वेळ का, असं एकीने विचारलं, तर वैनीच म्हणाली की आम्ही तळं बघत होतो. मी जेवले, भांडी घासली. झोपायच्या आधी एकीने पहाटे किती वाजता उठवशील असं विचारलं. नेहमीप्रमाणे, मी म्हटलं. वैनीने माझ्याकडे पाहिलं नाही.

पहाटे मी सगळ्यांच्या आधी उठले. पोफळीत अजून काहीच दिसत नव्हतं. माझ्या सायकलीच्या मागच्या चाकाशी बसून व्हॉल्व्हची टोपी काढली आणि नखाने दाबून सगळी हवा सोडली. मग बाकीच्यांना उठवलं आणि पंक्चर झाल्याचं सांगितलं.

त्यांना एवढी मजा कधीच मिळाली नव्हती. "आमका रोज शिकवतंस, आणि आता बघ," एक म्हणाली. दुसरीने देवीचं नाव घेऊन टायर शाबूत ठेवण्याचं माझंच वाक्य माझ्याच आवाजात म्हणून दाखवलं, आणि सगळ्यांनी व्हय महाराजा केलं. मी हत्यारांची पिशवी उघडली. चाक काढलं, ट्यूब बाहेर ओढली, तळ्याचं पाणी पातेल्यात घेऊन तिचा इंच न् इंच बुडवून तपासला. बुडबुडे कुठून येणार? मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तोवर दुसरा चहा झाला. मालवण चुकणार, ऊन लागणार, अशी कुरकुर सुरू झाली, तीही ऐकून घेतली. वैनी पंप हातात धरून माझ्या शेजारी उकिडवी बसली होती. तिने एकदा ट्यूबकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पंप खाली ठेवला.

पोफळींच्या शेंड्यांवर ऊन आलं, मग बांधावर, मग तंबूच्या दोऱ्यांवर. वैनीने कपाळावरचा हेडलॅम्प काढला, पट्टा गुंडाळून पिशवीत टाकला आणि उठून आपल्या सायकलीचं सामान बांधायला लागली. मी ट्यूब बसवली, चाक लावलं, हवा भरली. निघताना मी तिला पुढे घातलं आणि सगळ्यांच्या मागून चालवत मालवणला गेले.