विरूपाक्षचा हात, शिवकुमारचा कान

अहमदपूरच्या बसस्टँडमागे विरूपाक्षचं साउंडचं दुकान आहे. तिथं जाऊन कुणी स्पीकरचे कंपनीचे रेडिमेड डबे विचारले की विरूपाक्ष आधी शिवी द्यायचा, मग हात उचलायचा. धर्माबादहून आलेल्या एका गिऱ्हाइकाच्या त्याने खरोखर कानफटात मारली होती. माझा पिकअप त्याच दुकानासमोर लागतो, त्याचे डबे मीच गावोगाव नेतो, म्हणून भांडणं सोडवायचं फुकटचं कामही माझ्याच गळ्यात. माणूस मनाने वाईट नाही, असं गल्लीतले लोक म्हणतात. मी म्हणत नाही. ज्याचा हात आधी पोचतो आणि डोकं मागून येतं, त्याला चांगलं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पण डबे करावेत तर त्यानेच, हेही खरं. घर लिंगायत वाण्याचं, बापाचं किराणा दुकान. ते सोडून हा प्लाय कापायला लागला, तेव्हा बापाने त्याला भर चौकात पट्ट्याने फोडून काढलं. याने मार खाल्ला, करवत सोडली नाही. आतला स्पीकर तेवढा विकतचा, बाकी सगळा डबा घरचा. आमच्याकडच्या यात्रांत डबे लादलेल्या दोन गाड्या समोरासमोर लावायची रीत आहे. ज्याच्या आवाजात समोरचं गाणं बुडालं तो जिंकला. मग हरलेले दगड मारतात. विरूपाक्षची गाडी कधी हरली नाही, त्यामुळे माझ्या पिकअपची एकही काच मूळची राहिलेली नाही.

इतकी वर्षं त्या धडधडीपुढे उभं राहून विरूपाक्षचे दोन्ही कान कामातून गेले होते. जवळ जाऊन ओरडलं तरच त्याला कळायचं. डबा जुळवायचा तो धाकटा भाऊ शिवकुमार. आई लवकर गेली, म्हणून विरूपाक्षच्या बायकोने, महादेवीने, या दिराला पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं. डबा वाजायला लागला की शिवकुमार पुढे डोळे मिटून उभा राहायचा आणि कुठल्या कोपऱ्यात फट आहे तिथे नेमकं बोट ठेवायचा. विरूपाक्ष तिथला स्क्रू पिळायचा. हात एकाचा, कान दुसऱ्याचा, असा तो धंदा चालायचा.

मागल्या यात्रेत दगडांवर भागलं नाही, काठ्या निघाल्या. आमचा एकेक डबा उचलायला चार गडी लागतात. डबे टाकून पळू नका, म्हणून विरूपाक्ष ओरडत राहिला. भीमा नावाच्या आमच्या गड्याचं डोकं फुटलं, शिवकुमारच्या पाठीवर काठ्यांचे वळ उठले. मी स्टिअरिंगखाली वाकून बसलो होतो, आणि त्याची मला अजिबात लाज नाही.

वळ निवायच्या आत शिवकुमार लातूरहून दोन कंपनीचे डबे घेऊन आला. माझ्याच गाडीत. पसंत पडले तर ठेवायचे, नाहीतर परत, अशा बोलीवर.

"अण्णा, हे दोघांत उचलून होतंय," तो भावाच्या कानाशी जाऊन ओरडला. "आवाज बी साफ हाय. आपण लाकूड घासून मरून राहिलो, तिकडं लोकं काठ्या घालून राहिलेत."

विरूपाक्षने हातोडा घेतला आणि पहिल्या डब्याच्या जाळीवर घातला. जाळी आत गेली, स्पीकरचा कागद फाटला. दुसऱ्यावर उचलला तसा शिवकुमारने त्याचं मनगट धरलं. दोघे भाऊ भुशात लोळले. मी मधे पडलो आणि विरूपाक्षचं कोपर दातांवर घेऊन बाहेर आलो.

"लोकाचा माल हाय, अण्णा. कायला फोडून राहिलास?" शिवकुमार धापा टाकत उठला. "आन् तुला कुठं ऐकू येतंय? तुझं नाव माझ्या कानावर चालून राहिलंय."

एवढं मात्र विरूपाक्षला ऐकू गेलं. भिंतीला टेकलेली प्लायची फळी त्याने दोन्ही हातांनी उचलली आणि भावाच्या डाव्या कानावर हाणली. शिवकुमार उभाच राहिला. मग कानातून रक्त गळ्यावर आलं आणि तो खाली बसला.

महादेवी धावत आली. दिराला तिने आधी पाहिलं, मग तीच फळी उचलून नवऱ्याच्या पाठीत घातली. परत घातली. फळी मोडली तर उरलेल्या तुकड्याने मारत राहिली. विरूपाक्ष गुडघ्यावर बसून मार खात होता. गल्ली जमली होती, पण कुणी मधे पडलं नाही. मीही नाही. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं.

लातूरच्या डॉक्टरने सांगितलं, पडदा गेला आणि आतली नसही गेली. या कानाने आता ऐकू येणार नाही, आणि आवाज कुठून येतोय तेही नीट कळणार नाही. जखम वाळल्यावर विरूपाक्षच म्हणाला, "चल, कंपनीचेच घेऊ. तू म्हणशील ते."

लातूरच्या त्या दुकानात फोडलेल्या डब्याची भरपाई झाली. मग दुकानदाराने नवे दोन डबे भिंतीशी अंतर ठेवून मांडले आणि त्यातला एकच लावला. शिवकुमार सवयीने पुढे जाऊन डोळे मिटून उभा राहिला.

"कोणता वाजून राहिलाय?" विरूपाक्षने विचारलं.

शिवकुमारने मान इकडे फिरवली, तिकडे फिरवली. बराच वेळ घेतला. मग उजवीकडच्या डब्याकडे बोट केलं.

वाजत होता डावीकडचा. मला ऐकू येत होतं. विरूपाक्षला ऐकू येत नव्हतं, पण त्याने डावीकडच्या जाळीवर तळहात टेकवला होता आणि जाळीची धडधड त्या हाताला लागत होती. दुकानदार काही बोलणार, तेवढ्यात विरूपाक्षने दुसऱ्या हाताने त्याचं मनगट आवळून धरलं.

"हाव," विरूपाक्ष भावाला म्हणाला, "तोच हाय."