बॉनेटखालची तारीख
परतवाड्याच्या गोवर्धननं आपल्या जीपला कधी मिस्त्रीचा हात लागू दिला नाही. दुरुस्ती केली की बॉनेटच्या आतून रंगानं काम अन् तारीख लिहायची, ही त्याची रीत. दसऱ्याचा मुहूर्त चुकू नये म्हणून त्यानं ‘ब्रेक लायनर बदलले’ असं कामाआधीच तारखेसकट लिहून टाकलं. पाने-पक्कड पूजेला मांडलेली, ती त्या दिवशी उचलायची कशी? उद्या बदलू म्हणाला, अन् सवाऱ्या वाहायच्या गडबडीत विसरला.

पुढं पोरगा देवानंद म्हणाला, “बाबा, ब्रेक ढिले लागून राहिले.”

“बॉनेट उघडून पाह्य ना बे! लिवलं हाये तिथं.”

मेळघाटच्या उतारावर देवानंद जीपसकट दरीत गेला. पंचनाम्याला आलेल्या जमादारानं बॉनेट उचलून वाचलं.

“ब्रेक तं नवेच व्हते. पोट्टाच सुसाट हाकत असन.”

पोराच्या मढ्याशेजारी उभ्या गोवर्धननं होकारार्थी मान हलवली.