बागेच्या फाटकाला बांधलेला कडुनिंब

लष्कराच्या भाकऱ्या भाजायची मला हौस कधीच नव्हती, तरी जन्मभर मी त्याच भाजल्या. शाळेत शिकवायचं, संध्याकाळी लोकांची पत्रं लिहून द्यायची आणि या सगळ्यावर गावच्या बागेची देखरेख करायची. मुंबईत पैसा केलेल्या आमच्या गावच्या एका व्यापाऱ्याने वडिलांच्या नावाने समुद्राकडच्या अंगाला एक तुकडा कुंपण घालून दिला होता. त्यात दोन झोपाळे, एक मलखांब, चार बाकं आणि एक विहीर. पाच पंचांची कमिटी होती. पंच वर्षातून एकदा चहाला जमत, बागेबद्दल समाधान व्यक्त करत आणि चावी माझ्याकडे ठेवून उठून जात.

तरी बाग चालायची. उन्हं उतरली की पुरुष हवा खायला बाकांवर येऊन बसत, तरणी पोरं मलखांबाला लोंबकळत, आणि झोपाळ्यांपाशी मुलांची ही रांग. गावात मुलांना खेळायला दुसरी जागा म्हणजे रस्ता नाहीतर समुद्रकाठची पुळण, आणि पुळणीवर मासळी वाळत घातलेली. त्यामुळे बागेवरून भांडणं व्हायची, पण ती साधी भांडणं होती.

सन तीसनंतरची दोन-तीन वर्षं झाली असतील. होळी झाली आणि देवीची साथ आली. मुंबईहून मांडव्याला लागलेल्या एका होडीतून आली असं आमचे लोक म्हणत. किहीमकडचे लोक म्हणत की आमच्याकडून त्यांच्याकडे गेली. आमच्याकडे या रोगाला कोणी रोग म्हणत नसे. घरात देवी आल्या, असं हळू आवाजात म्हणायचं. दाराला कडुनिंबाचा पाला बांधायचा, घरात फोडणी द्यायची नाही, केस विंचरायचे नाहीत, आणि ज्या दाराला पाला दिसेल त्या घरी परक्याने पाऊल टाकायचं नाही. हे शेवटचं मला फार आवडायचं. सरकारी जाहीरनाम्याने जे होत नव्हतं ते दोन डहाळ्यांनी व्हायचं.

पंच म्हणाले बाग बंद करा. मी म्हटलं, महिना-दोन महिने मुलं घरात कोंडली तर ती भिंतींवरून उड्या मारतील, त्यापेक्षा नियम करून चालू ठेवू. ही माझी पहिली हुशारी. ज्याच्या दंडावर देवी टोचल्याचा वण त्याला आत वाट. ज्याच्या तोंडावरच देवीचे वण त्याला केव्हाही वाट, कारण ज्याला एकदा येऊन गेल्या त्याला पुन्हा येत नाहीत. ज्या घराला पाला त्या घरच्या कोणालाही खपल्या पडून जाईपर्यंत बंदी. मलखांब बंद, कारण त्याला दहा जणांचं तेल आणि घाम. विहिरीवरची लोटी काढून ठेवली. झोपाळ्यावर एका वेळी एक मूल, आणि ते उतरलं की माळ्याने फिनेलच्या फडक्याने दोर पुसायचे. माळी तोंडभर वणांचा, त्याला कसली भीती नव्हती. तो दोर पुसता पुसता मुलांना सांगे की ही मास्तरांची पूजा आहे.

नियम कागदावर चांगले दिसले. पुरुषांना दंड दाखवायचा अपमान वाटे. बायकांचे दंड बघायला मी माळ्याच्या बायकोला बसवलं, तर ती ओळखीच्या सगळ्यांना सोडी, आणि तिच्या ओळखीचं नव्हतं असं गावात कोणी नव्हतं. दोरांच्या वासाने मुलं हात धुतल्याशिवाय जेवत नाहीत, अशी एका आईने तक्रार केली. मी तिला म्हटलं, बरंच झालं की. त्यावर ती माझ्या बायकोशी आठ दिवस बोलली नाही.

आमच्या दारावर मासळी घेऊन येणारी एक कोळीण होती. तिला एकच मुलगी, सात-आठ वर्षांची. ती मुलगी रोज संध्याकाळी कुंपणाचे गज धरून बाहेर उभी राही. तिच्या दंडावर वण नव्हता. थोरल्या मुलाला टोचून आणलं आणि महिन्याच्या आत तो तापाने गेला, म्हणून आईने या मुलीला टोचू दिलं नव्हतं. मुलगी रडत नसे, हट्ट करत नसे. आतल्या मुलांचे झोके मोजायची आणि दिवे लागले की घरी जायची. मी नियमांना कडक माणूस, पण ते मोजणं मला ऐकवत नसे. देवी एखाद्या घरात आल्या की लहान मुलांना आधी गाठत, आणि कोळीवाडा म्हणजे भिंतीला भिंत. ही मुलगी टोचल्याशिवाय राहिली तर वाचणं कठीण, हे मला स्वच्छ दिसत होतं.

मी तिच्या आईला दारातच थांबवून सांगितलं की टोचून घेतलीस तर फोड सुकल्यावर पोरीला मी स्वतः झोपाळ्यावर बसवीन. तिने टोपली उचलली.

"मास्तर, एक दिला टोचून. दुसरी न्हाय देनार."

मी वाद घातला नाही. पालथ्या घड्यावर पाणी ओतून ओतून माझे हात दुखत होते. पण मुलीने बहुधा माझं बोलणं घरी आईच्या तोंडून ऐकलं आणि तिने आईच्या मागे टुमणं लावलं. पाचव्या दिवशी कोळीण आली, टोपली उतरवली आणि म्हणाली की गुरुवारी टोचणारा देवी डॉक्टर शाळेत येणार आहे तेव्हा पोरीला घेऊन येते. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं. सगळ्या साथीत एवढंच एक काम माझ्या हातून नीट झालं असं वाटलं.

त्या गुरुवारच्या आधीच्या रविवारी बागेच्या भिंतीला लागून असलेल्या घरात देवी आल्या. आता बाग बंद करण्यावाचून इलाज नव्हता. मी फाटकावर फळा लावला. ज्यांना वाचता येत नव्हतं ते आत आले, आणि ज्यांना येत होतं त्यांना तो फळा दुसऱ्यांसाठी आहे असं वाटलं. सोमवारी दिवसभर माळी आणि मी पोरांना हाकलत होतो. शाळेच्या परीक्षा तोंडावर, घसा बसलेला, पाय भरून आलेले. संध्याकाळी मला सुचलं की या गावात फळा कोण वाचतो, पाला सगळे वाचतात. मी शाळेमागच्या झाडाच्या चार मोठ्या डहाळ्या तोडल्या आणि फाटकाला आडव्या बांधल्या. माळी बघत होता. एकही पोर फाटकाजवळ फिरकलं नाही. मी इतका खूश झालो की घरी जाऊन बायकोला दोनदा सांगितलं.

मंगळवारी सकाळी शाळेला निघालो तर बागेच्या रस्त्यावर माणसं मावेनात. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. घराच्या दाराला पाला असला की आत कोणी आजारी आहे, लांब राहा. पण बागेत कोणी राहत नाही, कोणी आजारी नाही, आणि फाटकाला पाला. मग तिथे देवी स्वतःच येऊन बसली, दुसरा अर्थच नाही. त्यातून मंगळवार, देवीचा वार. इतकी वर्षं या गावात राहून हे मला आदल्या संध्याकाळी सुचू नये याची मला आजही लाज वाटते.

फाटकापुढे दहीभाताची पानं होती, नारळ होते, खणांच्या ओट्या होत्या. ज्यांची मुलं उठून बसली होती ते खपल्यांसकट मुलांना देवीपुढे घालायला घेऊन आले होते. ज्यांच्या घरी अजून काही नव्हतं ते आपली धडधाकट मुलं तिच्या पदरात टाकायला आले होते. मी दीड महिना ज्यांना एका जागी येऊ दिलं नव्हतं ते सगळे एका सतरंजीवर बसले होते. आणि फाटकाच्या अगदी उंबऱ्याशी आमच्या कोळणीने आपली मुलगी निजवली होती. शेजारी एक मूल होतं, त्याच्या कपाळावरच्या खपल्या अजून ओल्या होत्या.

मी माळ्याला म्हटलं, पाला काढ. तो म्हणाला, तुमी बांधला, तुमीच काढा. मी गर्दीत शिरलो आणि पुढच्या दोघा म्हाताऱ्यांना सांगितलं की हा पाला काल मी बांधला, देवीबिवी कोणी नाही. त्यातला एक अगदी समजुतीने हसला.

"तुमच्या हातानं तिनंच बांधून घेतला, मास्तर."

ओरडून सगळ्यांना सांगायला हवं होतं. निदान कोळणीच्या मुलीला हाताला धरून उठवायला हवं होतं. पण शाळेची घंटा झाली होती, माझा घसा चालत नव्हता, आणि खरं सांगायचं तर एवढ्या लोकांचा राग अंगावर घ्यायची माझ्यात ताकद नव्हती. मी शाळेत गेलो. दुपारी गर्दी ओसरल्यावर येऊन डहाळ्या काढल्या आणि वाळूत पुरल्या. संध्याकाळी कोणीतरी नव्या बांधल्या.

बुधवारी मला कोळीवाड्यात जाता आलं असतं. शाळा सुटल्यावर तीन फर्लांग पुळण तुडवायची, तिला सांगायचं की उद्या विसरू नको. मी चपला घातल्यासुद्धा. मग ओटीवर टेकलो आणि उठवेना. तिने शब्द दिलाय, ती येईल, असं मी मनाशी म्हटलं आणि तसाच झोपलो. या गोष्टीतलं मला सगळ्यात जास्त डाचतं ते हे. पाला बांधणं ही चूक होती, माणसाकडून चुका होतात. बुधवारी मी फक्त दमलो होतो.

गुरुवारी देवी डॉक्टर शाळेच्या व्हरांड्यात चार वाजेपर्यंत बसला. कोळीण आली नाही. देवीच्या पायावर घातलेल्या पोरीला सुई कशाला, असं ती शेजारणीला म्हणाली होती, ते मला मागाहून कळलं. पेटी बंद करताना मी डॉक्टरला सहज विचारल्यासारखं विचारलं की परवा कोणी खपल्यांच्या मुलाशेजारी निजलं असेल तर आज टोचून उपयोग आहे का. तो म्हणाला, आहे, आज आहे, आणखी चार दिवसांनी नाही. त्याची बैलगाडी दारात जुंपून उभी होती, त्याला अंधारापूर्वी पुढचं गाव गाठायचं होतं. ती वळणावरून दिसेनाशी होईतोवर मी बघत उभा राहिलो.

पुढच्या पंधरवड्यात त्या सतरंजीवरच्या आठ-दहा घरांना पाला लागला. कोळणीच्या घरालाही लागला. मी रोज शाळा सुटल्यावर जाऊन दूर होडीच्या आडोशाला उभा राहायचो. आता रोज पाय चालत होते. कोणीतरी बाहेर येऊन सांगे, हाय अजून. मुलगी जगली. दोन्ही डोळे गेले.

पावसाळ्यानंतर बाग पुन्हा उघडली. मी पंचांना चावी परत द्यायला गेलो तर ते म्हणाले, साथीत तुम्ही फार छान व्यवस्था ठेवलीत, तुमच्याशिवाय कोण करणार. मी चावी घेऊन परत आलो.

कोळीण आमच्या दारावर येत राहिली. आता मुलगी तिच्याबरोबर असे, आईच्या पदराचं टोक मुठीत धरून. भाव करताना, मासळी निवडताना कोळीण माझ्याशी पूर्वीसारखीच बोले. ते मला सोसत नसे. ती मला शिव्या देईल तर बरं, असं वाटायचं. दोन वर्षं मी तोंड चुकवलं. कधी ती आली की मी आतल्या खोलीत जाऊन वह्या तपासायला बसे. शेवटी एका सकाळी बायको घरात नव्हती, कोळीण उंबऱ्याशी बसून सुके बोंबील मोजून टाकत होती, आणि मला वाटलं की आज सांगून टाकू, निदान आपलं ओझं उतरेल.

"बाय, त्या दिवशी फाटकाला पाला मी बांधला होता," मी म्हटलं. "लोकांनी आत येऊ नये म्हणून. तिथे देवी नव्हती."

तिने मोजणं थांबवलं नाही.

"ठाव हाय मना. मालीबाबानं तवाच सांगितलं व्हतं, पोरीला ताप आयला तवा."

मी विचारलं की मग इतके दिवस मला काही बोलली का नाहीस. तिने हातातले बोंबील सुपात ठेवले आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. तिच्या तोंडावर राग नव्हता. ती माझ्याइतकीच थकलेली दिसली.

"काय बोलू, मास्तर? पाला तुमी बांधला. पन तितं पोरीला निजवली कोनी? मीच ना?" तिने आवाज खाली आणला. "म्हनून मी म्हनते देवीनंच डोलं नेलं. तुमी परत असा बोलू नका. पोर आयकते."

मुलगी तिच्या मागे, पदर मुठीत धरून उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.