विम्याचं स्थळ

स्वतः एक दिवसही आजारी न पडता लातूरमधले सगळ्यात जास्त दवाखाने आतून पाहिलेली व्यक्ती कोण, असं कुणी विचारलं तर मी डोळे मिटून समोरच्या दाराकडे बोट दाखवीन. त्या दारामागे आमच्या शेजारीणबाई राहतात, आणि त्यांची चौथीतली लेक ओवी. बाई एका खासगी क्लासच्या ऑफिसात फीच्या पावत्या फाडतात. नवरा हैदराबादेत असतो म्हणे. पण गेली काही वर्षं तो नुसता ‘म्हणे’तच आहे.

बाईंचा सगळा स्वभाव चौकशी या एका शब्दात मावतो. त्यांचं स्वतःचं लग्न नांदेडला एका बशी पोह्यांवर ठरलं होतं. मुलगा दिसायला बरा, त्याचा मामा ओळखीचा, मग कशाला खोलात शिरायचं, असं म्हणून वडीलधाऱ्यांनी सुपारी फोडून टाकली. पुढचं रामायण बाई एका वाक्यात उरकतात, “माझ्या वेळी कुणी चौकशी केली न्हाई सर, म्हणून आता मी कुणाचीच सोडत न्हाई.” आणि खरंच सोडत नाहीत. वांगी घेताना त्या वांग्याचं गाव विचारतात. रेणापूरची निघाली तर कुणाच्या मळ्यातली, हेही विचारतात. मिक्सर घ्यायचा होता तेव्हा दुकानदाराला म्हणाल्या, “हाच मिक्सर ज्यानं नेलाय त्याच्या घरचा पत्ता द्या.” त्यानं वैतागून दिला, तर बाई खरोखरच त्या अनोळखी घरी गेल्या, शेंगदाण्याचं कूट करून पाहिलं, चहा घेतला, आणि मिक्सर आणि त्या घरची सून दोन्ही चांगली आहेत असा निकाल देऊन परत आल्या.

अशा बाईंनी आरोग्य विमा घ्यायचं मनावर घेतलं, तेव्हाच मला विमा कंपन्यांची काळजी वाटायला लागली होती. कारण मात्र हसण्यासारखं नव्हतं. हंगामात डाळमिलची धूळ घेऊन वारा सुटला की ओवीला धाप लागते. मागे एकदा तिला दवाखान्यात ठेवावं लागलं, आणि बाईंच्या गळ्यातली पोत त्या बिलात गेली. क्लासवाले दिवाळीला सोनपापडीचा डबा देतात, विमा देत नाहीत. दुसरी पोत बाईंकडे नव्हती. तेव्हा परवडेल असा विमा शोधणं आलं, आणि शोधायचं म्हणजे बाईंच्या लेखी ते स्थळ बघण्यासारखंच होतं.

एजंट येऊ लागले. प्रत्येकाला आधी पोहे, मग उलटतपासणी. एजंट बिचारा पैसे मिळालेल्या हसऱ्या लोकांचे फोटो दाखवायचा. बाई ते बाजूला सारायच्या. “ज्याला मिळाले त्याचं सोडा. ज्याला तुमच्या कंपनीनं न्हाई म्हणलं, त्याचा पत्ता द्या. सोयरीक मोडलेल्या घरीच खरं कळत असतंय.” पोहे घशात अडकलेला एजंट मी त्या महिन्यात वरचेवर पाहिला. एकानं तर सल्ला दिला, “ताई, पोरीच्या दम्याचं लिहूच नका. कोण बघायलंय?” बाईंनी त्याच्या हातातली बशी काढून घेतली. “दाखवायच्या टायमाला दोष लपवायचा अन् नांदायच्या टायमाला सापडला की माहेरी धाडायचं, हे सगळं बघितलंय मी. दमा हाय म्हणून लिहा. त्याच्या खर्चाला वर्ष-दोन वर्षं थांबा म्हणले तर थांबू.” मग त्यांनी स्वतःला लहानपणी झालेलं गालगुंडसुद्धा लिहायला लावलं.

हप्ता आवाक्यात आणायला त्यांनी स्वतंत्र खोली, एसी असले सगळे लाड कापून टाकले. “मला तिथं ऱ्हायचं न्हाई, निघायचंय,” असं त्यांचं म्हणणं. मात्र कंपनीच्या यादीतला प्रत्येक दवाखाना बघितल्याशिवाय होकार द्यायचा नाही, हे पक्कं. रविवारी डबा बांधून त्या निघत आणि पेशंटच्या नातेवाइकांत जाऊन बसत. कोणत्या कंपनीचा विमा, पैसे आले का, किती दिवस ताटकळत ठेवलं, हे सगळं भाकरीच्या तुकड्याबरोबर काढून घेत. नांदेडला माहेरी गेल्या तरी आईला भेटायच्या आधी तिथले दवाखाने. सोबतीला म्हणून एकदा मला लातूरमधल्याच एका दवाखान्यात नेलं. बाई काउंटरवर यादी विचारत असताना एका नर्सनं माझा पडलेला चेहरा पाहिला, मला आतल्या कॉटवर निजवलं आणि दंडाला पट्टा बांधला. बीपी निघालं भरमसाट. मी पेशंट नाही हे मी जितकं ओरडून सांगत होतो तितकं ते वर चढत होतं. बाईंनी मला सोडवून बाहेर आणलं आणि रस्त्यावरच निकाल दिला, “विचारपूस न करता माणूस आत घ्यायलेत. हे स्थळ बाद.” माझी बीपीची गोळी मात्र त्या दिवसापासून सुरू झाली ती झालीच.

इतकं करूनही बाईंचं घोडं एका प्रश्नावर अडायचं. तो प्रश्न त्या अगदी शेवटी, उठता उठता विचारायच्या. “मीच बेशुद्ध पडले तर तुमच्या कंपनीला फोन कोण लावंल?” एजंट सांगायचे, चोवीस तास नंबर चालू असतो. “नंबर चालू हाय हो, पण मी बंद ना?” मग घरातलं कुणीतरी लावेल, असं ते म्हणायचे. “घरात चौथीतली पोरगी हाय. तिची धाप कोण बघंल अन् फोन कोण लावंल?” यावर सगळे एजंट बॅग उचलायचे. शिरूर अनंतपाळकडचा एक उतारवयाचा एजंट तेवढा उठला नाही. त्यानं चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, “ताई, खरं सांगतो, ते कंपनीच्या हातात न्हाई. त्याला माणूसच लागतंय.” बाईंनी त्याची पॉलिसी घेतली. सगळ्यात स्वस्त नव्हती ती, पण खोटं बोलला नाही म्हणाल्या.

त्यानंतरच्या रविवारी बाई संध्याकाळी आमच्याकडे आल्या. त्या दिवशी पोहे आमच्या घरी होते. जरा वेळ इकडचं तिकडचं बोलून त्या म्हणाल्या, “सर, तुमची बी चौकशी केली मी. दूधवाल्याकडं, खाली किराणावाल्याकडं.” मी विचारलं, काय कळलं? “सर इसरभोळे हायत, पण घाबरून का होईना पळत येतात. वहिनी पहिल्याच रिंगला फोन उचलतात. दोघं मिळून चालंल.” बायको हसली, मीही हसायच्या बेतात होतो. तेवढ्यात त्या खाली मान घालून म्हणाल्या, “भाऊ हाय नांदेडला, येईल तो. पण त्याला यायला तीन तास लागतेत. तवर पोरीपाशी कुणीतरी उभं पाहिजे. तुम्ही कबूल म्हणला तरच तुमचं नाव सांगते तिला.” मी आयुष्यभर वर्गात बडबड केलेला माणूस, पण उठून बाईंच्या बशीत नुसते आणखी पोहे वाढले. माझ्या वतीनं बायकोच कबूल म्हणाली.

ज्या बाईनं एवढे दवाखाने आणि एवढ्या कंपन्या नापसंत केल्या, तिच्या पसंतीला आपण उतरलो, याचा मला अजून अभिमान वाटतो. ओवीला आमचा नंबर पाठ करायला लावलाय. जिन्यात भेटली की ती दप्तर सावरत, एका दमात तो म्हणून दाखवते. शेवटचे दोन आकडे हमखास उलटे होतात. ती हसून पळू बघते. मी कितीही घाईत असलो तरी तिला थांबवतो, आणि नंबर बरोबर येईपर्यंत पुन्हा म्हणायला लावतो.