हिरव्यातला तांबडा

गॅरेजमध्ये त्याला सगळे पेंटरकाका म्हणत. त्याच्या नजरेबद्दल जे बोललं जाई त्यातलं निम्मं खरं धरलं, तरी माणूस घारीच्या वंशातला ठरला असता. तीस वर्षं तो गाड्यांचे रंग जुळवत होता. ठोकलेल्या गाडीचं नवं दार जुन्याशेजारी असं बसवायचा की कुठलं आपलं आणि कुठलं परकं, हे गाडीवाल्यालाही सांगता येऊ नये. शेड पक्की करायची त्याची एक रीत होती. पत्र्याचे तीन तुकडे रंगवायचे, मागे एक, दोन, तीन असे आकडे घालायचे आणि नमुन्याला गाडीचं पेट्रोलचं झाकण घेऊन सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून घरी न्यायचं. "सकाळच्या उजेडाशिवाय मी रंगाला हो म्हणत नाही," असं तो सांगे. गॅरेजचा मालक हे वाक्य नव्या गिऱ्हाइकांना स्वतःचं असल्यासारखं ऐकवत असे.

खरी गोष्ट अशी की पेंटरकाकाला तांबडा आणि हिरवा नीट वेगळे दिसतच नसत. जन्मापासूनच. हिरव्यात चमचाभर तांबडा पडला तर त्याच्या लेखी काही घडलंच नाही. हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं. लग्नानंतर महिन्याभरात त्याने बायकोला हिरवा म्हणून चक्क तपकिरी स्वेटर आणला. ती आधी पोट धरून हसली, मग तिच्या ध्यानात आलं.

"अहो, आणि तुम्ही पेंटर?"

"दुसरं काही येत नाही मला," तो म्हणाला.

झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या दिवसापासून सकाळचा चहा झाला की ती तुकडे घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राही. "एक नंबर मळकट आहे. तीन चालेल, पण तांबडं चिमटीभर कमी करा." तो जाऊन चिमटीभर कमी करी. तीस वर्षांत तिने गॅरेजची पायरी चढली नाही आणि कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. त्याची वाहवा घरी आली की मात्र म्हणायची, "नाव सोनूबाई," आणि पुढचं त्याच्यावर सोडायची.

पाच महिन्यांपूर्वी ती गेली. दोन दिवस ताप आला, तिसऱ्या दिवशी संपलं. लोक आले तेव्हा त्यानेच खुर्च्या मांडल्या, त्यानेच चहा टाकला. 'छातीवर दगड ठेवलाय बिचाऱ्याने,' असं लोक म्हणाले. दगड असता तर निदान जड तरी वाटलं असतं. त्याला काहीच वाटत नव्हतं. वाढलं की जेवायचा, सून म्हणाली आंघोळ करून घ्या, की करून यायचा. रडू यायला हवं हे कळत होतं. ते येत नाही याची लाजही वाटायची, पण तीसुद्धा थोडीशीच.

गॅरेजात नशिबाने पांढऱ्या, काळ्या, चंदेरी गाड्या आल्या. कंपनीचा नंबर घालायचा, यंत्र सांगेल तेवढं मिसळायचं, झालं. असे पाच महिने निघाले. मग बाई आल्या.

बाई निवृत्त मुख्याध्यापिका, वय सत्त्याहत्तर, पाठ अजून छडीसारखी सरळ. त्यांच्यासोबत ट्रकवर चढवून आणलेली एक ब्रिटिश स्पोर्ट्स कार. दोन माणसांपुरती, बसकी, लांब नाकाची, साठ वर्षांहून जुनी. बाईंच्या वडिलांची होती. त्यांनी विकली तेव्हा बाई एकवीसच्या होत्या. आता शोधून शोधून परत मिळवली, तर मधल्या कुणी दीडशहाण्याने तिला लालभडक करून ठेवलेली.

"मी हिच्यावरच गाडी शिकले," बाई म्हणाल्या. "होती तशी करून द्या. हिरवी होती. झाडासारखी नाही हं. राख कालवल्यासारखी."

कंपनीच्या रंगाचा नंबर लिहिलेली पट्टी केव्हाच गळून पडली होती. बॉनेट घासून पाहिलं, तर लालखाली पांढरा आणि पांढऱ्याखाली नुसता पत्रा. कुणीतरी मूळ रंग पार खरवडून काढला होता. शेवटी डॅशबोर्ड उतरवला, तेव्हा त्यामागे हातभर लांब एक पत्र्याची पट्टी निघाली. साठ वर्षांत तिला ऊन लागलं नव्हतं. रंग तोच, जसाच्या तसा. पण पट्टी वाकडी आणि खरखरीत. तिच्यावर रंग ओळखायचं यंत्र धरलं तर तीनदा तीन उत्तरं आली.

मालक खूश झाला. "हे यंत्राच्या बापाला जमायचं नाही. आता काकाच!"

हिरव्याचा तोरा उतरवून तो राखाडी करायचा, तर त्यात तांबडा घालावा लागतो. किती, एवढाच प्रश्न. काकाने तीन तुकडे रंगवले, मागे आकडे घातले, पट्टीसकट गुंडाळून घरी नेले. सकाळी चहा झाल्यावर खिडकीत ओळीने मांडले. चारही त्याला एकसारखे दिसत होते. ऊन खिडकीतून सरकून भिंतीवर जाईपर्यंत तो तिथेच उभा राहिला.

"बाबा, काय बघताय एवढं?" सुनेने विचारलं.

"काही नाही."

तिचे डोळे चांगले होते, तिला विचारता आलं असतं. पण मग सगळंच सांगावं लागलं असतं, आणि ते दोघांचं होतं. त्याने दोन नंबर उचलला. का, तर तो मधला होता.

आधी फक्त एक दार रंगवलं आणि बाईंना बोलावलं. दार बाहेर उन्हात उभं केलं होतं. जुनी पट्टी अजून काकाच्या घरी खिडकीतच होती. आत कॉम्प्रेसर धडधडत होता. बाईंनी जवळून बघितलं, लांबून बघितलं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"हा नाही," त्या म्हणाल्या. "ह्याच्यात तांबूस काहीतरी आहे."

मालक हसला. "बाई, काकांची नजर आजवर चुकलेली नाही. छप्पन्न वर्षांपूर्वीची गोष्ट, आठवणीत रंग थोडा इकडेतिकडे होतोच हो."

"नाही, पण मला अगदी..." बाईंनी चष्मा काढला. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला. "असेल. हल्ली विसरायला होतं मला. परवा गॅस तसाच राहिला. तुम्ही म्हणता म्हणजे तसंच असेल."

आता फक्त गप्प बसायचं होतं. नाव राहिलं असतं, मूठ राहिली असती. बाईंनी ती गाडी घरी नेली असती, आणि रोज तिच्याकडे बघून स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास थोडा थोडा सोडला असता.

"बाईंचं बरोबर आहे," पेंटरकाका म्हणाला. "मला हिरवा-तांबडा कळत नाही."

"काका, चेष्टा काय करता!" मालक म्हणाला.

"कधीच कळला नाही. तुकडे घरी न्यायचो ते बायकोला दाखवायला. ती सांगायची, मी मिसळायचो. हा मी अंदाजाने मारलाय. बाई, तुमची आठवण पक्की आहे."

बाईंनी चष्मा पुन्हा लावला. त्या रागावल्या नाहीत. उलट बुडता बुडता पायाला जमीन लागावी तसा त्यांचा चेहरा सैल झाला.

"अस्सं!" त्या म्हणाल्या. "मग हाही त्यांना दाखवायचा होता की. जा, बोलावून आणा त्यांना. मी थांबते."

उत्तर काकानेच द्यायचं होतं. पाच महिन्यांत घरी जे जे आले, ते आधीच कळून आले होते. ही बातमी त्याला स्वतःच्या तोंडाने कुणालाच सांगावी लागली नव्हती.

"ती वारली, बाई," तो म्हणाला.

आपला आवाज त्याला ऐकू आला. तो उपड्या डब्यावर बसला, हिरवे झालेले हात त्याने तोंडावर घेतले, आणि त्याच्या घशातून काहीतरी फुटून बाहेर आलं. ते थांबेना. मालकाने आत जाऊन कॉम्प्रेसर बंद केला. मग ते सगळ्यांनाच ऐकू गेलं.