लाईट गेली तेव्हा बरोबरी होती

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, गावचे वायरमन होते आणि क्रिकेटवर त्यांचा दात होता. सामना रंगात आला की आमच्याकडची लाईट हमखास जायची, आणि लाईट गेली की अख्खं गाव टीव्हीपुढून उठून आमच्या दारात यायचं. एरवी ‘अण्णा, चहा घ्या’ म्हणणारी माणसं त्या घटकेला आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. अण्णा पक्कड घेऊन खांबावर चढायचे, तार जोडायचे, खाली उतरून घरी यायचे, तोवर सामना संपलेला असायचा. उभ्या आयुष्यात एकाही सामन्याचा शेवट त्या माणसाला बघायला मिळाला नव्हता.

फुटबॉल गावात कुणी बघतच नव्हतं. लाईट गेली काय नि राहिली काय, शिव्या द्यायला दारात कुणी येत नसे. एवढ्या एका कारणावरून अण्णा फुटबॉलच्या प्रेमात पडले. विश्वचषक लागला की आमच्या ब्लॅक अँड व्हाईट टीव्हीपुढं पाय दुमडून बसायचे आणि आईला म्हणायचे, “बघ, कसं शांततेत चाललंय.” आई म्हणायची, “बावीस माणसं एका चेंडूच्या मागं लागून राहिली, त्यात कसली आलीय शांतता.”

ही गोष्ट आहे ती हिंगोली जिल्हा वेगळा व्हायच्या आधीची. आमचं गाव औंढ्याच्या बाजूचं. माझं बी.ए. झालं होतं आणि स्थळं बघणं चालू होतं. दोन चांगली स्थळं अण्णांनी घालवली होती. एका ठिकाणी त्यांनी नवरदेवाच्या चुलत्याला, क्रिकेट हा रिकामटेकड्यांचा खेळ कसा आहे ते दुपारभर समजावून सांगितलं. तो चुलता तालुक्याच्या क्रिकेट संघाचा कॅप्टन निघाला. दुसऱ्या ठिकाणचं मी सांगत नाही, अजून राग येतो.

तिसरं स्थळ कुरुंद्याचं. मुलगा आश्रमशाळेवर मास्तर. तो बघायला आला तेव्हा त्याच्या मामांनी माझ्या हातात पेपर दिला आणि म्हणाले, “वाच बाई दोन ओळी, बघू कसं वाचतीस.” मी काहीतरी फाडकन बोलणार, इतक्यात मुलगाच म्हणाला, “मामा, बी.ए. झाल्यात त्या.” बाकी काही तो बोलला नाही. माझं मन मात्र तिथंच बसलं. लग्न करीन तर ह्याच्याशी, असं मी आईला स्पष्ट सांगून टाकलं, आणि आईनं अण्णांना तंबी दिली, “बैठकीत तोंड उघडाल तर बघा. काय बोलायचं ते पाहुण्यांना बोलू द्या.”

बैठक म्हणजे सोयरीक पक्की करायची बोलणी. देणंघेणं, मांडव, मानपान, सगळं त्यातच ठरायचं. आणि नेमकी बैठकीच्या आदल्या रात्री अण्णांच्या लाडक्या संघाची बाद फेरीतली मॅच आली. हरेल तो घरी जाईल अशी. देशांची नावं मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिली तर आजही आमच्या घरात दोन चुली पेटतील.

दोन्हीकडून एकही गोल झाला नाही. जादा वेळ दिला, त्यातही नाही. आता पेनल्टीवर निकाल लागणार, अण्णा गुडघ्यांवर उभे राहिले, आणि लाईट गेली. गावच्या इतिहासात पहिल्यांदा वायरमननं स्वतःच लाईटवाल्यांना शिव्या दिल्या. फॉल्ट मागच्या मेन लाईनवर होता, तो यांच्या हातातला नव्हता. तरी रात्रभर खांब बघत फिरले आणि पहाटे येऊन आडवे झाले.

सकाळी ते झोपलेले असताना मी ट्रान्झिस्टर लावला. बातम्यांच्या शेवटी निकाल सांगितला. अण्णांचा संघ हरला होता.

अण्णांचा संघ हरला की ते दोन दिवस कुणाशी बोलत नसत, आणि बोललेच तर भांडायलाच. बैठकीच्या दिवशी हे परवडणारं नव्हतं. मी ट्रान्झिस्टरचे सेल काढले आणि हळदीच्या डब्यात खुपसून ठेवले. अण्णा उठले, ट्रान्झिस्टर हलवून बघितला, थोबाडीत मारल्यासारखी एक चापट मारली आणि म्हणाले, “आजच मरायचं होतं व्हय ह्याला.” मी चूल फुंकत बसले.

दुपारी पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील आणि तेच ते मामा. सासरे, म्हणजे तेव्हा व्हायचे होते ते, कुरुंद्यात पेपरचे एजंट होते. आमच्या गावाचा गठ्ठाही त्यांच्याच हातून एसटीत चढायचा. त्यांचा एकच धर्म, छापून आलं ते खरं. रेडिओवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. “त्यो बोलून मोकळा होतो. उद्या फिरला तर धरायचं कुणाला? पेपर कसा, हातात राहतो,” असं म्हणायचे. त्या दिवशीही पेपर त्यांच्या काखेत होता.

बसल्या बसल्या ते वरच्या बंद पंख्याकडं बघून म्हणाले, “वायरमनच्याच घरी अंधार व्हय, पाहुणे?”

आईचा डोळा चुकवून अण्णा म्हणाले, “अंधाराचं जाऊ द्या हो. ऐन पेनल्टीला गेली ना लाईट.”

“कंची? रात्रीची?” सासऱ्यांनी काखेतला पेपर काढला. “तुमी बी बघता? पण निकाल न्हाई आला अजून. आपल्याकडचा पेपर लवकर छापत्यात. हे बघा, छपाईला जाईपर्यंत बरोबरी, असं लिव्हलंय.”

दोन माणसांना फुटबॉल आवडतो हे कळल्यावर मला बरं वाटलं. ते सुख दोन मिनिटं टिकलं. कारण सासरे पुढं म्हणाले, “पण आपलेच जिंकणार,” आणि त्यांचे ‘आपले’ म्हणजे अण्णांच्या समोरचा संघ होता.

मग जे सुरू झालं ते काही विचारू नका. संपून गेलेल्या सामन्याचा निकाल काय लागेल यावर दोन कर्ते पुरुष तावातावानं भांडायला लागले. अण्णा म्हणाले, पेनल्टी हा न्यायच नाही, दोन तास माणसाला पळवायचं आणि शेवटी उभ्यानं दगड मारायला लावायचं. सासरे म्हणाले, नियम म्हंजी नियम, आणि ज्याचा गोलकीपर धड त्याचा न्याय. अण्णांनी विचारलं, “म्हंजी आमचा धड न्हाई?” सासरे म्हणाले, “मी कशाला म्हणू? साऱ्या दुनियेला दिसून राहिलंय.”

मामांनी सावरायला बघितलं. म्हणाले, “सोडा हो ते परदेशातलं. आपल्या क्रिकेटचं बोला. कॅप्टन बदलला पाहिजे का न्हाई?” अण्णांनी त्यांच्याकडं असं बघितलं की मामांनी पोह्यांची बशी तोंडाजवळ नेली ती खाली आणलीच नाही.

मी दाराआड उभी होते. आई कपाळाला हात लावून बसली होती. सासरे धोतर सावरून उठायच्या बेतात आले आणि मामांना म्हणाले, “चला. जिथं नियमच मान्य न्हाई तिथं सोयरीक करून काय करता?” तिसरं स्थळही चाललं होतं, आणि या वेळी मला ते जाऊ द्यायचं नव्हतं. मी मुलाकडं बघितलं. तो खाली मान घालून सतरंजीचा दोरा ओढत होता. मला त्याचाही राग आला. बापाला दोन शब्द सांगता येत नाहीत का याला?

आणि लाईट आली.

पंखा फिरला. अण्णांचा चेहरा उजळला. रात्रीपासून टीव्हीचं बटण कुणी बंदच केलेलं नव्हतं. आमच्या टीव्हीचा आवाज आधी यायचा आणि चित्र सावकाश. आधी खरखर झाली, मग गर्दीचा गलका ऐकू आला, आणि निवेदक म्हणाला, कालच्या सामन्यात...

डोक्यावरचा पदर, पाहुणे, मर्यादा, सगळं विसरून मी बैठकीच्या मधून धावले. मामांची बशी लवंडली. बटणावर हात टाकला, तर तिथं आधीच एक हात होता. मुलाचा. आम्ही दोघांनी मिळून टीव्ही बंद केला.

मी त्याच्याकडं बघितलं, त्यानं माझ्याकडं. “रेडिओ?” त्यानं हळूच विचारलं. मी मान हलवली. त्यालाही सकाळीच कळलं होतं. बाप इथं येऊन मिशीला पीळ देईल आणि सोयरीक मोडेल, म्हणून त्यानं घरात अवाक्षर काढलं नव्हतं. याला दोन शब्द बोलता येत नाहीत असं मी म्हणत होते, आणि गडी माझ्यासाठी सकाळपासून मुका राहिला होता. मला रडूच यायला लागलं.

“काहून बंद केला?” अण्णा म्हणाले.

“तुला म्हायती हाये व्हय रे?” सासरे मुलाला म्हणाले.

मुलगा घसा खाकरून म्हणाला, “हाये. सांगतो. पण आधी बैठक होऊ द्या, मग.”

“अन् तवर मी बटण सोडणार न्हाई,” मी म्हणाले. आईनं तोंडाला पदर लावला.

संध्याकाळपर्यंत चालायची ती बैठक चहा उकळेस्तोवर आटोपली. मांडव कुणाच्या दारात, मुलीच्या. वऱ्हाड कशात येणार, येईल कशातही. देणंघेणं, काही नको. मामा म्हणाले, “अन् मानपानाचं?” सासरे म्हणाले, “गप बसा हो मामा, इथं जीव टांगणीला लागलाय.” तारीखसुद्धा अण्णांनी दिली ती त्यांनी घेतली. आईनं सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली, आणि दोन्ही बाप टीव्हीकडं तोंड करून शेजारी शेजारी बसले.

मी बटण दाबलं नाही. मीच सांगितलं. “अण्णा, तुमचे हरले.”

अण्णा हातावरची साखर तशीच धरून बसले. मग सासऱ्यांकडं बघून हसल्यासारखं करत म्हणाले, “घ्या पाहुणे. मॅच बी तुमच्याकडं गेली, अन् लेक बी.” ‘लेक’ म्हणताना त्यांचा आवाज फाटला. खांबावरून पडून हात मोडला तेव्हाही त्यांचा आवाज असा झाला नव्हता.

सासऱ्यांनी खुशीनं तोंड उघडलेलं होतं. ते त्यांनी मिटलं. काखेतला पेपर काढला, मांडीवर पसरला, खेळाच्या पानावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “व्याही, मी पेपर सोडून कशावर विश्वास ठेवत न्हाई. हितं बरोबरी लिव्हलीय. छापून येईस्तोवर बरोबरीच धरायची.” मग आईला म्हणाले, “विहीणबाई, चहा आणा दोघांना.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं गठ्ठा आला. आमच्या पेपरच्या कोपऱ्यात पेनानं ‘व्याही’ असं लिहिलेलं होतं. अण्णांनी पेपर उघडला, पानं चाळली, पुन्हा चाळली. सगळी पानं होती, फक्त खेळाचं पान नव्हतं. शेजारच्यांचा पेपर त्याच गठ्ठ्यातला होता, ओसरीवरच पडलेला. उठून बघता आलं असतं. अण्णांनी आमचा पेपर नीट घडी करून उशाखाली ठेवला आणि पक्कड घेऊन कामाला गेले.