मधली भिंत

इंग्लंडातल्या केटरिंग गावी एका रस्त्यावर घरं जोडीजोडीनं उभी आहेत. छप्पर एक, मधली भिंत एक, संसार दोन. एका जोडीत डावीकडे निवृत्त पोस्टमास्तर डेस्मंड पिल्बीम राहत, उजवीकडे विधवा ऑर्चर्डबाई. अठरा वर्षांच्या शेजारात दोघांचं बोलणं हवापाण्यापलीकडे गेलं नव्हतं. भिंत इतकी पातळ, की बाईंनी बशीत चमचा ठेवला तरी पिल्बीमना कळे. पण भिंतीतून आलेलं आपल्याला ठाऊक नसतं, असा तिथला शिरस्ता. बाईंना शिंक आली तरी पिल्बीम 'देव भलं करो' हे मनातल्या मनातच म्हणत.

एका संध्याकाळी बाई बहिणीला फोनवर म्हणाल्या, "घर विकते. समुद्राकाठी बंगला बघितलाय. चारी बाजूंनी मोकळा."

भिंतीपलीकडे पिल्बीमनी चहाचा कप खाली ठेवला. बाई गेल्या तर पलीकडे कोण? 'जाऊ नका' म्हणावं, तर ऐकल्याची कबुली द्यावी लागणार. बागेत 'विकणे आहे' अशी पाटी लागली, तेव्हा ते एवढंच बोलले, "पाटी सरळ लागलीय."

दुसऱ्यांचे सौदे चोरून ऐकणं बरं नव्हे, म्हणून त्यांनी आपली खुर्ची भिंतीपासून उचलून मागच्या स्वयंपाकघरात नेली. आणि त्या रस्त्यावर खुनाखालोखाल समजला जाणारा गुन्हा केला. आपल्या दारापुढचं झुडपांचं कुंपण कापणं थांबवलं.

कुंपण माजलं. बाईंचं घर बघायला आलेली गिऱ्हाइकं फाटकातूनच परतू लागली. रस्ता मनातून पेटला होता, तोंडानं मात्र सगळे म्हणत, "यंदा हिरवळ छान आहे, नाही?"

शेवटी बाईच फाटकाशी आल्या. "मिस्टर पिल्बीम, तब्येत बरी आहे ना?"

"उत्तम."

"कालचे लोक विचारत होते, शेजारचे गृहस्थ वारले का."

पिल्बीमनी बुटांकडे पाहिलं. "तुम्ही जाऊ नये, एवढंच मनात होतं. समुद्राकाठी फार वारा असतो."

"समुद्राचं मी तुम्हाला कधी सांगितलं?"

त्यांचे कान लाल झाले. बाईंचेही. कारण अठरा वर्षांतली सगळी फोनची बोलणी त्यांना एकदम आठवली असावीत.

"मग पंधरवड्यापूर्वीचं नाही ऐकलंत?" त्या म्हणाल्या. "बेत रद्द केल्याचं? पाटी काढायला माणूस येत नाही, म्हणून लोक येतायत."

"मी खुर्ची हलवली होती."

"तरीच पलीकडे सामसूम. मला वाटलं, आजारी पडलात." त्या पुढे म्हणाल्या, "त्या बंगल्यात एक रात्र राहून पाहिलं. कुणी खोकत नाही, कुणी जिना चढत नाही. डोळ्याला डोळा लागला नाही."

पिल्बीम कात्री आणायला वळले.

"आणि हे बघा," बाईंनी आवाज खाली आणला, "आपल्याला ऐकू येतं, हे रस्त्यात कुणाला कळता कामा नये."

"कशाबद्दल बोलताय, मला समजलं नाही," पिल्बीम गंभीरपणे म्हणाले.

बाईंना हायसं वाटलं. "आज हवा बरी आहे," त्या म्हणाल्या.